विहीणबाई उतरंनात!

"विहीणबाई माझ्या गाडीतून येतील! एसीत बसून! आणि अशा येतील की कपाळावरचं कुंकूसुद्धा हललेलं नसंल!"

शेंद्र्याच्या आप्पासाहेबांनी भर बैठकीत मांडीवर अशी थाप मारली की शेजाऱ्याच्या बशीतला चहा धोतरावर गेला. बैठक होती त्यांच्या भाचीच्या, उमाच्या लग्नाची. लग्न मुलीकडं, चितेगावच्या रोडला मंगल कार्यालयात. नवरदेव वेरूळचा. सगळं जमलं होतं, घोडं अडलं होतं एकाच गोष्टीवर. नवरदेवाची आई वच्छलाबाई, त्यांना गाडी लागायची. बसमधी बसल्या की पोट ढवळायचं, जीपमधी बसल्या की डोकं धरायच्या. आता वऱ्हाड तर बसनंच येणार. वरमाय काय लिंबू चोखत मांडवात येणार व्हय?

म्हणून आप्पासाहेबांनी थाप मारली. मामाच तो. उमा त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिच्यासाठी त्यांनी जीव टाकला असता, मग गाडीचं काय एवढं!

पर गाडीचंच तर सगळं होतं, मंडळी.

गाडी जुनी, दुसऱ्याकडनं विकत घेतलेली, पण आप्पासाहेब तिला तान्ह्या लेकरावानी जपायचे. कुणी टेकून उभं राहिलं की यांच्या छातीत कळ यायची. आणि तिचा रिमोट! बटन दाबलं की गाडी 'टुइं टुइं' बोलायची आणि चारी दारांचे खटके एका दमात 'खट!' करून खाली बसायचे, पोलिसांच्या परेडीवानी! आप्पासाहेब पानटपरीवर गेले की गाडी दोनदा लॉक करायचे. एकदा गाडीसाठी, एकदा लोकांसाठी.

लग्नाला आठ दिवस राहिले आणि खटके बिघडले. दार आपटलं की खट! गतिरोधक आला की खट! एकदा तर गाडी अंगणात उभी, माणूस ना काणूस, आणि आतनं आपलं खट-खट-खट-खट! जसं काय कुणी आत बसून चणे फोडतंय!

लग्न दोन दिवसांवर आलं तवा आप्पासाहेबांनी गाडी शहरात नेली, मोंढा नाक्याला, सांडू मिस्त्रीकडं. सांडू म्हंजी अर्धा मराठीत बोलणार, अर्धा हिंदीत, आणि दोन्हीत तोंड वाकडं करून. त्यानं ड्रायव्हरच्या दाराची बिजागरी बघितली, तिथली रबरी नळी दाबली, आणि निदान सांगून टाकलं.

"आप्पासाब, ये नळीमधी वायरी अस्त्यात. उघड-झाक करून करून एक वायर आतनं तुटलीय. दरवाजा आपटला की टोकाला टोक शिवतं आन गाडीला वाटतं मालकनं बटन दाबलं. दो दिन गाडी छोडो."

"दोन दिवस? परवा लग्न हाय!"

"तो मग फ्यूज काढतो. खटके हातानं खाली-वर करा. लगीन झाल्यावर आणा, वायर बदलून देतो."

पाच मिनिटांत फ्यूज निघाला. खट-खट बंद. आप्पासाहेब खूश. जाता जाता त्यांनी सवयीनं रिमोट दाबला.

गाडी गप्प.

"सांडू, टुइं कुठंय?"

"टुइं बी उसीच फ्यूजवर है."

"घाल परत!"

"आप्पासाब, माणूस बडा का टुइं बडी?"

"अरे, शंभर पाव्हणं बघणार गाडीकडं! तिथं काय मुकी गाडी नेऊ? घाल म्हणतो ना!"

सांडूनं फ्यूज घातला. हात पुसले. आणि एवढंच म्हणला, "बाद में मेरे को फोन मत करना."

---

लग्नाच्या दिवशी सकाळी आप्पासाहेब वेरूळला हजर. पांढरी विजार, गुलाबी फेटा, गाडीला झेंडूची माळ. वच्छलाबाई जरीचं लुगडं नेसून मागच्या सीटवर डाव्या अंगाला बसल्या. भारदस्त बाई. सीट अशी बसली की आप्पासाहेबांना टायरची काळजी वाटली.

"विहीणबाई, आरामात बसा. कशालाच हात लावू नका बरं का! काच नाय, दांडी नाय, बटन नाय. सगळं ऑटोमॅटिक हाय!"

वच्छलाबाईंनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले, ते पार चितेगावापर्यंत हलवले नाहीत. आप्पासाहेबांनी वर काचांचं बटनसुद्धा आपल्या बाजूनं बंद करून टाकलं, एसी वाया नको जायला.

मे महिन्याचं ऊन, शहरात गर्दी, एसी फुल्ल. पैठण रोडला लागेस्तोवर पेट्रोलचा पिवळा दिवा लागला. 'उतरवून येतो आणि भरतो,' असं आप्पासाहेबांनी मनात ठरवलं. वच्छलाबाईंना मळमळ नाय, चक्कर नाय. कार्यालयापाशी गाडी थांबली तवा पावणेबारा वाजले होते. मुहूर्त बारा पस्तीसचा. सगळं कसं घड्याळावानी!

आता वरमाय अशी भसकन उतरत नसती. मुलीची आई येणार, भाकरतुकडा ओवाळणार, 'उतरा' म्हणणार, मग वरमाय पाय खाली टाकणार. म्हणून आप्पासाहेबांनी गाडी चालू ठेवली, एसी चालू ठेवला, आणि बहिणीला बोलवायला ऐटीत खाली उतरून दार लावलं. जरा जोरातच लावलं. लोक बघत होते.

खट!

चारी खटके खाली. चावी आत. विहीणबाई आत. आणि आप्पासाहेब बाहेर, डोळ्यांना हाताचा आडोसा करून काचेतून आत बघत.

एवढ्यात त्यांची बहीण सरूबाई ताट घेऊन आलीच. मागं बायकांचा घोळका, त्याच्या मागं बँड. सरूबाईनं तुकडा ओवाळला, पाण्यानं गाडीच्या चाकावर धार धरली आणि हसून म्हणाली, "उतरा, विहीणबाई!"

आत वच्छलाबाईंनी घाबरत घाबरत दांडी ओढली. दार हललं नाय. त्यांनी मान हलवली. नाय व्हत, अशी.

सरूबाईचं हसू जागीच वाळलं. ती मागं वळली आणि तिचा आवाज चिरकला, "नाय म्हणत्यात! अगं बाई, विहीणबाई रुसल्या!"

'रुसल्या, रुसल्या' म्हणत खबर मांडवात अशी पळाली जशी कडब्याला आग. मागच्याच महिन्यात चितेगावात एक वरमाय चांदीच्या पैंजणासाठी तीन तास जीपमधी बसून राहिली होती. त्यामुळं बायांना सवय होती. रुसवा म्हणलं की कुणी कारण विचारत नाय, काय द्यायचं तेवढं विचारतं!

आप्पासाहेबांनी तोंड उघडलं. "अगं सरू, रुसल्या नाय, त्या..."

आणि तेवढ्यात समोर आला कारभारी.

कारभारी म्हंजी नवरदेवाचा चुलता. गव्हाच्या पोत्याएवढा देह आणि तांबड्या मुंगीएवढा राग. या माणसानं पुतण्याची आधीची एक सोयरीक नुसती एवढ्यावर मोडली होती की चहा देणाऱ्यानं कप उजव्या हातानं धरला नव्हता!

"काय झालं? आमच्या वहिनी उतरंनात का?" कारभारी गरजला.

आप्पासाहेबांच्या डोक्यात भिंगरी फिरली. खरं सांगावं, तर? 'तुमच्या वरमायला आम्ही बिघडलेल्या गाडीत कोंडलं' असं सांगावं? हा माणूस बस फिरवून वेरूळला नेईल! उमा हळद लागल्या अंगानं घरी जाईल! आणि रुसवा म्हणलं तर? रुसव्यात कुणाची इज्जत जात नाय. उलट वरपक्षाचा मान वाढतो. एका लुगड्यात भागतं.

"रुसल्यात थोड्या," आप्पासाहेब म्हणाले, आणि त्यांच्या जिभेला चटका बसला.

कारभाऱ्याची छाती दोन बोटं फुगली. "आमच्या वहिनी आजवर कधी रुसल्या नाय! काहीतरी मोठं राहिलं असणार तुमच्याकडनं. काढा समजूत!"

"काढतो काढतो," म्हणत आप्पासाहेब बँडच्या मागं पळाले आणि फोन लावला.

"सांडू! अरे, खट झालं रे!"

"मैं काय बोला था?"

"शिव्या नंतर घाल! चावी आत, गाडी चालू, विहीण आत! काय करू?"

"फ्यूज काढा."

"कुठंय?"

"स्टेरिंगच्या खाली. आत."

"अरे आत जाता येत असतं तर..."

"तो बॅटरीची तार काढा."

"बोनेट कसं उघडू?"

"उसका खटका बी आत." सांडूनं विचारलं, "दुसरी चावी हुईंगी ना?"

"हाय की! हरवू नये म्हणून गाडीच्या खणात ठेवलीय."

"कौनसे गाडीच्या?"

"तुला काय करायचंय?" सांडूला कळलं. तिकडनं पाना आपटल्याचा आवाज आला.

"मग एकच इलाज. त्या बाईला सांगा, खटका चिमटीत धरून वर ओढा, आन तसाच धरून दांडी ओढा. नाय जमलं तर काच फोडा."

"तुझ्या तोंडात किडे पडो!" असं म्हणून आप्पासाहेबांनी फोन ठेवला.

गाडीपाशी परत आले तर सरूबाई एक हिरवं लुगडं काचेसमोर नाचवत होती. "हे घ्या, पण उतरा!" वच्छलाबाई आतनं मान हलवत होत्या. बँडवाल्यांना वाटलं, वाजवल्यानं राग जाईल, म्हणून त्यांनी गाडीला घेरून असा कहर मांडला की शेजारच्या वावरातली बैलं दावं तोडून पळाली. आत काय ऐकू जाणार, कपाळ!

मग आप्पासाहेब खुणांवर आले. दोन बोटांची चिमूट केली, खांद्याशी नेली, वर उचलली. खटका! वर! ओढा!

वच्छलाबाईंनी बघितलं. लाजल्या. आणि खांद्यावरून घसरलेला पदर चिमटीत धरून वर ओढून डोक्यावर घेतला.

"तसं नाय वो!" आप्पासाहेबांनी पुन्हा चिमूट केली, पुन्हा वर नेली, दात-ओठ खाऊन.

वच्छलाबाईंनी पदर आणखी पुढं ओढला. आता तोंडच दिसेना!

"दादा, काय खुणावतोस तू?" सरूबाईनं भावाचं मनगट धरलं. "नाकापाशी चिमूट नेलीस ना! नथ मागत्यात का त्या?"

"नाय गं, नथ नाय!"

"मग काय, मोठं काहीतरी? अरे बोल की! बारा वाजून गेले!"

आप्पासाहेबांनी समोरच्या काचेतून आत डोकावलं. पिवळा दिवा आता नुसता जळत नव्हता, डोळे मिचकावत होता. पेट्रोल संपलं की गाडी बंद, गाडी बंद की एसी बंद, आणि एसी बंद की या उन्हात भट्टी! विहीणबाईंचं काही बरंवाईट झालं तर लगीन तर सोडाच, तेरावा घालावा लागंल! घामानं त्यांच्या गुलाबी फेट्याचा रंग कानामागून ओघळायला लागला.

त्यांनी हळूच एक सायकलची तार काचेच्या रबरात घालून बघितली. स्वयंपाक्याकडनं उलथणं आणलं, तेही घातलं. खालून वर, वरून खाली. कारभाऱ्यानं बघितलं.

"हे काय करता वो मामा?"

"माशी... माशी बसली होती."

"उलथण्यानं?"

"लई मोठी होती."

नवरदेव आला, मुंडावळ्या सावरत. काचेवर टकटक केलं. "आई, उतर की! मुहूर्त चाललाय!" आईनं आतनं त्याच्याकडं असं बघितलं, आणि हातानं काहीतरी सांगितलं, आणि मग आप्पासाहेबांकडं बोट केलं. म्हंजी तिचं म्हणणं एवढंच की या गृहस्थानं हात लावू नको म्हणून सांगितलंय. पण लोकांनी बोट बघितलं.

"बघा! मामावर रुसल्यात!" कुणीतरी ओरडलं.

"मामा, काय बोलला तुम्ही वाटंत आमच्या वहिनीला?" कारभारी पुढं सरकला.

"नाय नाय! मी नुसतं... एसी..."

बारा वाजून वीस मिनिटं झाली. भटजी मांडवातून दोनदा डोकावून गेले. आतल्या खोलीत उमा बसून होती, तिला कुणीतरी जाऊन सांगितलंच, 'तुझी सासू उतरंना गं.' पोरगी रडायला लागल्याची बातमी बाहेर आली आणि आप्पासाहेब काचेकडं बघायला लागले. काच फोडावी? फोडली तर सगळं उघडं पडतंय. कारभारी समोर उभा. आणि नाय फोडली तर?

इकडं सरूबाई पळत आत गेली आणि पेटीतनं पैठणी घेऊन आली. जांभळी. तिची स्वतःची. लेकीच्या लग्नात नेसायची म्हणून घेतलेली, पण सकाळपासनं धावपळीत तिला नेसायलाही फुरसत झाली नव्हती. घडीची घडी तशीच. तिनं ती दोन्ही हातांनी उलगडून काचेवर पसरली. मोराचा पदर वच्छलाबाईंच्या तोंडासमोर. आख्खी खिडकी झाकून गेली.

"ही घ्या! यापरीस माझ्यापाशी काय नाय विहीणबाई!"

बँडसुद्धा जरा हळू झाला. पैठणी बाजूला झाली तवा दिसलं, वच्छलाबाई आतनं काचेवरून हात फिरवत होत्या. डोळे भरलेले. हसत होत्या.

सगळे दार उघडायची वाट बघत राहिले.

दार काही उघडलं नाय.

आणि मग मंडळी, जे झालं ते आप्पासाहेबांना बघवलं नाय. उमाचा बाप, बन्सी, आजवर कुणापुढं वाकलेला नाय. उसाच्या फडात साप निघाला तर त्यालाच 'बाजूला हो' म्हणणारा माणूस. तो गर्दीतून पुढं आला. डोक्याचा फेटा काढला. गाडीच्या दारापाशी, जिथं सरूबाईनं पाण्याची धार धरली होती त्या चिखलात, तो फेटा ठेवला. आणि हात जोडले.

"विहीणबाई, काय चुकलं असंल तर पदरात घ्या. माझ्या पोरीला घ्या."

बँडवाल्यानं तोंडातली पिपाणी काढली.

आप्पासाहेबांना वाटलं, जमीन फाटावी. ही त्यांची टुइं! ही त्यांची ऑटोमॅटिक! आणि तिच्यापायी त्यांच्या दाजीचा फेटा चिखलात!

"दाजी, उचला तो फेटा!" ते ओरडले. "उचला म्हणतो! त्या रुसल्या नाय! माझी गाडी बिघडलीय! खटके आपोआप बसत्यात. मिस्त्रीनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाय. मी खोटं बोललो!"

आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी चुलीपाशी पडलेला एक दगड उचलला, ड्रायव्हरच्या बाजूला गेले, डोळे मिटले, आणि ज्या काचेला ते रोज सकाळी पिवळ्या फडक्यानं पुसायचे, त्या काचेत घातला.

धडाम! काचेचा रवा रवा झाला. झेंडूची माळ खाली आली.

"म्हंजी?" कारभाऱ्याला आता कुठं उमगलं. मानेवरच्या शिरा फुगल्या. "आमच्या वहिनीला कोंडलं? अर्धा तास? आन वर आमच्या वहिनीलाच रुसकी केलं? ए, बस काढा रे! चला! फिरवा बस!"

"भाऊजी!"

आवाज आला तसे सगळे वळले. गाडीचं मागचं दार उघडं होतं. वच्छलाबाई पाय खाली टाकून उभ्या होत्या, लुगड्याला सुरकुती नाय, कपाळावरचं कुंकू जिथल्या तिथं.

"बस फिरवायची तर खुशाल फिरवा. तुम्ही जावा एकटे. मी पैठणी नेसून जेवून येते."

एक माणूस फिसकन हसला, मग दुसरा, आणि मग सगळा मांडव. वच्छलाबाई वाकल्या, चिखलातला फेटा उचलला, झटकला आणि बन्सीच्या डोक्यावर ठेवला. "चला ईवाई. बारा अठ्ठावीस झाल्यात. पोरीला बोलवा."

बँड अंगात आल्यावानी सुटला. गाडीनं तेवढ्यात दोन आचके दिले आणि बंद पडली. पेट्रोल संपलं.

आप्पासाहेब घाम पुसत विहीणबाईंच्या मागं मांडवाकडं निघाले. एक गोष्ट मात्र त्यांच्या डोक्यात कुसळावानी टोचत होती. काच फुटली ती पुढची, ड्रायव्हरकडची. मागचं दार कुणी उघडलं? ते दोन पावलं पुढं गेले आणि हळूच म्हणाले,

"विहीणबाई, तुमच्याकडचा खटका... कसा काय निघाला वो?"

"तो व्हय? तो मघाशीच आपोआप वर आला. तुमच्या बहिणीनं पैठणी काचेला लावली ना, तवाच खट झालं."

"तवाच? मग उतरल्या का नाय!"

वच्छलाबाईंनी पदर सावरला. चालता चालताच बोलल्या, जणू भाजीचा भाव सांगतायत.

"माझ्या लग्नात मी बैलगाडीतून उतरले, तवा सासरा म्हणला, 'पोरी, उतरतेसच तर ती कडब्याची पेंढी बी घे डोक्यावर.' त्यानंतर उतर म्हणून कुणी हात जोडले नाय मामा मला. आज एवढी माणसं जोडत होती. आत गार होतं. म्हणलं, बसावं घटकाभर."

आप्पासाहेबांनी फेट्याच्या शेवटानं कपाळ पुसलं.

"पर ईवायानं फेटा खाली ठेवला, तवा मात्र राहवलं नाय. दांडीला हात घातला. दार उघडणारच होते..." वच्छलाबाई थांबल्या. मागं वळून त्यांनी गाडीकडं बघितलं, खिडकीच्या भगदाडाकडं, खाली पसरलेल्या काचेच्या ढिगाकडं. मग आप्पासाहेबांकडं, लई मायेनं.

"तेवढ्यात तुम्ही दगड घातला! जरा दम धरायचा की वो, मामा!"